जुन्या चोपडीतले ‘बार्शी रोड’ म्हणजे कुर्डुवाडीच का?

चोपडीवाचक

नमस्कार. आमच्या पणजोबांची लातूरच्या बाजारात आडत होती. जुने घर उतरवताना माळ्यावर त्यांची फसली १३२३ ची, म्हणजे इ. स. १९१३-१४ च्या सुमाराची, एक चोपडी सापडली. ती मोडीत असल्यामुळे एका जाणकारांकडून वाचून घेतली, आणि त्यातून काही कोडी उभी राहिली आहेत.

मुंबईला पाठविलेल्या कापसाच्या गाठींच्या प्रत्येक नोंदीखाली खर्चाच्या बाबी मांडलेल्या आहेत. त्यांत लातूरची हमाली एकदा, करोडगिरी एकदा, पण ‘बार्शी रोड हमाली’ ही बाब दोनदा आहे: एकदा ‘उतराई’ म्हणून आणि लगेच खाली ‘चढाई’ म्हणून. लातूरचे सगळे खर्च हाली सिक्क्यात, आणि बार्शी रोडचे मात्र कलदारात लिहिले आहेत. आधी मला वाटले की बार्शी रोड म्हणजे बार्शीचेच स्थानक असावे. परंतु त्याच चोपडीत दोन-तीन ठिकाणी ‘बार्शी टौन’ असाही वेगळा उल्लेख आहे. घरातले एक ज्येष्ठ म्हणतात की बार्शी रोड म्हणजे आताची कुर्डुवाडी. तसे असेल तर माल तेथे उतरवून पुन्हा का चढवावा लागे, आणि पैशाचा हिशेब तेथे पोहोचताच का बदले, हे समजून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न आजचा आहे. माझ्या आईला रेल्वेने पंढरपूरला जायचे आहे. लहानपणी ती लातूरहून छोट्या गाडीने गेली होती आणि कुर्डुवाडीच्या फलाटावर सतरंजी अंथरून रात्र काढली होती, असे ती सांगते. आता तिला मध्ये गाडी बदलणे झेपणार नाही. लातूर ते पंढरपूर अशी थेट सोय आहे का, आणि एकूणच कुर्डुवाडी स्थानकाचे आजचे स्वरूप काय आहे?

माढा_तालुका

आपल्या घरातल्या ज्येष्ठांचे म्हणणे बरोबर आहे. बार्शी रोड म्हणजेच आजचे कुर्डुवाडी जंक्शन. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ या शब्दाचा अर्थ बहुधा असा असतो की गाडी त्या गावाला जात नाही, पण त्या गावाचा रस्ता येथून फुटतो. लातूर रोड, कळंब रोड, जत रोड ही आपल्याच भागातली उदाहरणे. बार्शी हे कापसाचे, गळिताच्या धान्याचे आणि एकूणच बालाघाटच्या मालाचे मोठे पेठेचे गाव. पण मुंबईहून सोलापूरकडे निघालेला मुख्य मार्ग भीमेच्या खोऱ्यातून गेला आणि बार्शी ईशान्येला सुमारे ३४ किलोमीटर बाजूला राहिली. जवळचे खेडे कुर्डू. त्याच्या वाडीपाशी स्थानक बांधले गेले आणि नाव मात्र दूरच्या पेठेचे मिळाले. आज जे शहर दिसते ते या स्थानकाभोवतीच वाढले आहे. माझ्या मते सोलापूर जिल्ह्यात रेल्वेने अक्षरशः जन्माला घातलेले गाव कोणते, असे विचारले तर कुर्डुवाडीचेच नाव घ्यावे लागेल.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या जीआयपीने, हा मार्ग तुकड्या-तुकड्याने उघडला. पुणे ते डिकसळ १८५८ च्या डिसेंबरात, डिकसळ ते बार्शी रोड १८५९ च्या ऑक्टोबरात, तेथून मोहोळ १८६० च्या जानेवारीत आणि सोलापूर त्याच वर्षीच्या जूनमध्ये. गंमत अशी की तोपर्यंत बोरघाटातला लोहमार्ग तयारच झालेला नव्हता. तो १८६३ साली सुरू झाला. त्यामुळे बार्शी रोडला गाडी आली तेव्हा मुंबईचा प्रवासी खोपोलीपर्यंत एका गाडीने येई, घाट पालखीने, तट्टावर किंवा पायी चढे, आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडे. पुढे हा मार्ग रायचूरपर्यंत जाऊन १८७१ साली मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला, आणि बार्शी रोड हे मुंबई–मद्रास रस्त्यावरचे स्थानक झाले.

आता कलदार आणि हालीबद्दल. आपले पणजोबा निजामाच्या राज्यात राहत होते. लातूर, धाराशिव हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तेथले चलन हाली सिक्का. बार्शी आणि बार्शी रोड ही दोन्ही ठिकाणे मात्र इंग्रजी अमलातल्या सोलापूर जिल्ह्यात, म्हणून तेथे कलदार रुपया चाले. दोहोंचा भाव सर्वसाधारणपणे शंभर कलदाराला ११६-११७ हाली असा असे, त्यामुळे दोन्ही चलने एकाच रकान्यात मांडणे कोणत्याही शहाण्या आडत्याला परवडणारे नव्हते. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात. सीमा ओलांडणाऱ्या मालावर ती भरावी लागे, म्हणून ती बाब हालीत असणार. आपल्या चोपडीत तशीच आहे ना, हे एकदा पडताळून पाहावे.

रूळमापक

दोनदा हमाली का, याचे उत्तर दोन रुळांमधल्या अंतरात आहे. मुख्य मार्गाचे रूळ साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर अंतरावर. बार्शीकडून येणाऱ्या मार्गाचे रूळ केवळ अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतरावर. छोट्या लाइनचा डबा मोठ्या लाइनवर जाऊच शकत नाही. लातूरला भरलेली गाठ बार्शी रोडच्या धक्क्यावर उतरवायची, मुकादमाने मोजून घ्यायची, आणि समोर उभ्या असलेल्या जीआयपीच्या डब्यात चढवायची. उतराई आणि चढाई ही त्याच कामाची दोन अंगे. कधी मोठ्या लाइनचा डबा वेळेवर मिळाला नाही तर माल मध्येच पडून राहणार, आणि त्या पडून राहण्याचाही काहीतरी खर्च होणार, हे ओघानेच आले.

‘बार्शी टौन’ हे बार्शी शहराचे स्थानक. बार्शी रोड ते बार्शी टौन हा २१ मैलांचा तुकडा १८९७ च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि तीच बार्शी लाइट रेल्वेची सुरुवात. ती उभी करणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता आधी जीआयपीच्याच नोकरीत होता. बार्शीच्या पेठेतून बैलगाड्यांनी बार्शी रोडला येणारा माल पाहून येथे हलकी रेल्वे फायद्यात चालेल, असे त्याच्या मनाने घेतले. त्यासाठी त्याने नोकरी सोडली आणि १८९५ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी घेण्यासाठीच्या हवाई छत्र्यांवर बराच उद्योग केला. बार्शीच्या कापसापासून हवाई छत्रीपर्यंत पोहोचलेला दुसरा माणूस मला तरी ठाऊक नाही.)

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेक ठिकाणी बार्शी लाइटला भारतातली पहिली अरुंद रेल्वे म्हटलेले आढळते, ते खरे नाही. बडोद्याच्या गायकवाडांची डभोई–मियागाम लाइन १८६२ सालची, तीही अडीच फुटांचीच, आणि सुरुवातीला ती बैल ओढत असत. कॅलथ्रॉपचे वेगळेपण अरुंदपणात नसून वजनाच्या वाटणीत होते. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांहून अधिक भार येता कामा नये, असा त्याने नियम घालून घेतला आणि गाडीचा सगळा भार अनेक आसांवर सारखा पसरवला. त्यामुळे रूळ यार्डाला ३० पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचे, असले तरी पुरत. आज मुख्य मार्गावर मीटरला ६० किलोचे रूळ असतात. त्यातून पूल हलके झाले, भराव कमी लागला, आणि थोड्या पैशात बरेच मैल लोहमार्ग टाकता आला. इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या लहान रेल्वेच्या कामात, जी १९०४ साली सुरू झाली, त्याने बार्शीचाच अनुभव वापरला. सहसा विलायतेतून इकडे आलेल्या गोष्टींची यादी केली जाते. ही एक उलट्या दिशेने गेली.

पुढचा विस्तार असा झाला: बार्शी रोडहून दक्षिणेला पंढरपूर १९०६ साली, बार्शीहून पूर्वेला रामलिंग-येडशीचा घाट चढून, तडवळ्यावरून लातूर १९११ साली, आणि पंढरपूरहून सांगोला, जत रोड, कवठे महांकाळ असे करीत मिरज १९२७ साली. एकूण लांबी २०२ मैल. आपली चोपडी १९१३-१४ ची आहे, म्हणजे लातूरला गाडी येऊन दोन-तीनच वर्षे झाली होती. त्याआधीच्या चोपड्या सापडल्या तर त्यांत लातूर ते बार्शी बैलगाडीभाड्याच्या नोंदी मिळायला हव्यात, आणि दोन्हींची तुलना करता आली तर तो फार मोलाचा ऐवज ठरेल. कृपया चोपडी रद्दीत जाऊ देऊ नये.

वर्कशॉपकॉलनी

वर बरेच सांगून झाले आहे; मी फक्त पाहिलेले सांगतो. आमचे घराणे दोन पिढ्या कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते. आमच्याकडे कोणी ‘नॅरोगेज’ म्हणत नसे. ‘छोटी लाइन’, ‘मोठी लाइन’, आणि लाडाने म्हणायचे तर ‘बार्शी लाइट’. कंपनी जाऊन १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती विकत घेतली आणि पुढे ती मध्य रेल्वेत आली, तरी लोकांच्या तोंडी ‘बार्शी लाइट’च राहिली.

माल बदलण्याचा धक्का म्हणजे गावाचे पोट होते. एका अंगाला छोटी लाइन, दुसऱ्या अंगाला मोठी, आणि मध्ये फरशी. त्या फरशीवरून दिवसभर पोती, गाठी, पेंड, लाकूड, गूळ पाठीवरून इकडून तिकडे जात असे. हमालांच्या टोळ्या ठरलेल्या असत, प्रत्येक टोळीला मुकादम असे. त्यांच्यामागे चहाची दुकाने, भाकरीच्या खानावळी, दोरखंड आणि सुतळी विकणारे, गाड्यांची वाट पाहणाऱ्या उतारूंना झोपायला जागा देणारे. कापसाच्या मोसमात धक्क्यावर फाटक्या गाठींमधून इतका कापूस उडे की कोपऱ्यात साठलेला वेचून बायका उशा भरत. आपल्या चोपडीतली ती दोन हमाल्यांची बाब म्हणजे आमच्या गावाची कमाई होती, हे मी थोड्या अभिमानाने आणि थोड्या हसून सांगतो.

आषाढीला मात्र धक्का बाजूला राही. मुख्य मार्गाच्या गाड्यांतून उतरलेले वारकरी छोट्या लाइनच्या डब्यांत शिरत, दारांत लटकत, टपांवर चढत. पंढरपूरची लाइन नव्हती तेव्हाही लोक बार्शी रोडलाच उतरत आणि पुढचे ३१ मैल बैलगाडीने किंवा पायी जात; आमच्या पणजीने ते केले होते. आपल्या मातुश्रींनी फलाटावर रात्र काढली असेल, तर त्या रात्री त्या एकट्या नक्कीच नव्हत्या.

रुंदीकरणानंतर तो धक्का संपला. भारतभर एकच रुंदी करण्याचे धोरण १९९२ साली आले, आणि त्यात आमच्या भागातली छोटी लाइन टप्प्याटप्प्याने गेली: आधी पंढरपूरची, मग २००७-०८ मध्ये लातूरची, आणि शेवटी २०१० च्या सुमारास मिरजेची. ज्या कामासाठी गाव वसले ते कामच उरले नाही. कारखाना टिकला, कारण तो मोठ्या लाइनच्या मालडब्यांच्या दुरुस्तीकडे वळला. पण स्थानकावर उतरून गावात येणारा माणूस कमी झाला. लातूरकर आता डब्याच्या खिडकीतून कुर्डुवाडी पाहतो, आणि गाडी हलते.

चोपडीवाचक

आपणा तिघांचेही आभार. करोडगिरी हालीतच आहे, आणि चोपडीत ‘मुकादम’ हा शब्दही दोन ठिकाणी आहे; तो मी व्यक्तीचे आडनाव समजलो होतो.

वर्कशॉपकॉलनी यांचे शेवटचे वाक्य वाचून मात्र थोडे अवघडल्यासारखे झाले. आमच्या बाजूने पाहता रुंदीकरणासाठी लातूरने वर्षानुवर्षे मागणी केली. मुंबईची थेट गाडी मिळाली तेव्हा येथे आनंद झाला. मग कुर्डुवाडीचे नुकसान झाले असे म्हणायचे का?

रूळमापक

माझे मत जरा वेगळे आहे, आणि वर्कशॉपकॉलनी यांनी रागावू नये. धक्क्याने गावाला पोसले हे खरे. पण तो खर्च कोणीतरी भरतच होते, आणि ते कोणीतरी म्हणजे चोपडीवाचकांचे पणजोबा, त्यांच्यामागचा शेतकरी, आणि शेवटी गिऱ्हाईक. उतराईला आणि चढाईला पैसे जात, गाठी फाटत, पोती गळत, आणि डबा मिळेपर्यंत माल अडकून राही. लातूरची पेठ मुंबईपासून जेवढी दूर होती त्याहून ती या फरशीमुळे अधिक दूर होती.

एक हिशेब करून पाहू. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते सर्वांना आठवत असेल. मिरजेला कृष्णेचे पाणी भरून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. तिच्यात १० टाक्या होत्या आणि पाच लाख लिटर पाणी होते. नंतर ५० टाक्यांची गाडी धावू लागली आणि एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. ती गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी आली. म्हणजे, धाराशिवजवळचा बदललेला भाग सोडला तर, बहुतेक जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. २५ लाख लिटर म्हणजे अडीच हजार टन. कॅलथ्रॉपच्या मूळ नियमाप्रमाणे चार आसांच्या डब्याचा एकूण भार २० टन. डब्याचे स्वतःचे वजन हिशेबात धरलेच नाही तरी सव्वाशे डबे लागले असते, आणि ते धरले तर त्याहून पुष्कळ जास्त. ती छोटी इंजिने एका खेपेला एवढे डबे ओढू शकली नसती. एका गाडीऐवजी गाड्यांची रांग लावावी लागली असती. मिरज आणि लातूर दोन्हीकडे छोटी लाइनच असती तर कुर्डुवाडीला काही उतरवावे लागले नसते, हे मान्य; पण तेवढ्या टाक्या देशातल्या दुसऱ्या कोणत्या मार्गावरून आणता आल्या असत्या? त्या टाक्या राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणल्या होत्या, आणि त्या मोठ्या लाइनच्याच होत्या.

तेव्हा नुकसान झाले ते धक्क्याचे. जंक्शनाचे झाले का, याविषयी मला शंका आहे. पूर्वी या ठिकाणी दोन निरनिराळ्या रेल्वे एकमेकींना भेटत. आता एकाच रेल्वेच्या दोन वाटा एकमेकींना छेदतात. मुंबई–सोलापूर ही एक, आणि मिरज–लातूर ही दुसरी.

वर्कशॉपकॉलनी

रागावण्याचे काही कारण नाही. फरशीवर गळणारे पोते कोणाच्या तरी मालकीचे असते, हे आम्हालाही कळत होते. माझे म्हणणे एवढेच की रुंदीकरणाच्या बातम्यांत लातूर आणि पंढरपूर ही नावे येत, ज्या गावाचा धंदा उठणार त्याचे नाव कोणी घेत नसे.

पालखीमार्ग

मी पंढरपूरचा असून दर महिन्याला या मार्गाने जातो, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

लातूरहून पंढरपूरला गाडी न बदलता जाता येते. परळी वैजनाथ ते मिरज ही गाडी लातूर, बार्शी, कुर्डुवाडी असे करीत पंढरपूरला येते आणि पुढे मिरजेला जाते. ती सावकाश चालते, पण मातुश्रींना जिना चढायला नको, सामान हलवायला नको, हा मोठा लाभ आहे. नागपूर–कोल्हापूर एक्सप्रेसही लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर याच वाटेने जाते, परंतु ती रोज नसते. कोल्हापूर आणि धनबाद यांच्यामधली दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच असते. दिवस आणि वेळा दर हंगामात बदलतात, म्हणून निघण्याआधी १३९ क्रमांकावर किंवा रेल्वेच्या चौकशी ॲपवर खात्री करून घ्यावी. छापील जुन्या वेळापत्रकावर विसंबून माझी स्वतःची एक एकादशी फलाटावर गेली आहे.

आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चारही वाऱ्यांच्या काळात गर्दी असते, पण आषाढीची तऱ्हा निराळी. तेव्हा नागपूर, अमरावती, खामगाव, भुसावळ अशा ठिकाणांहून विशेष गाड्या सोडल्या जातात आणि त्यांपैकी बहुतेक कुर्डुवाडीवरूनच पंढरपूरकडे वळतात. वय लक्षात घेता मातुश्रींना आषाढीच्या दशमी ते पौर्णिमा या दिवसांत आणू नये, असे मी सुचवीन. एकादशी साधायचीच असेल तर एखाद्या साध्या महिन्यातली साधावी. दर्शनही निवांत होते.

कुर्डुवाडीच्या आजच्या स्वरूपाबद्दल म्हणाल, तर मुख्य मार्गावरच्या कितीतरी गाड्या येथे थांबतात. पुणे–सोलापूर हुतात्मा एक्सप्रेस आणि मुंबई–सोलापूर सिद्धेश्वर एक्सप्रेस या आमच्या भागातल्या नेहमीच्या गाड्या. पहिलीने पुण्याचे काम एका दिवसात उरकून परत येता येते, दुसरीने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरता येते. मुंबई–लातूर एक्सप्रेस येथूनच लातूरच्या वाटेला लागते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा पुणे आणि सोलापूर यांच्या मध्ये तिला जो एकमेव थांबा दिला गेला तो कुर्डुवाडीचा. वर्कशॉपकॉलनी यांनी ही गोष्ट आपल्या हिशेबात धरावी. तो थांबा कुर्डुवाडी शहराच्या लोकसंख्येकडे पाहून मिळालेला नाही. बार्शी, माढा, करमाळा, पंढरपूर या सगळ्या बाजूंचा उतारू येथे येतो म्हणून मिळाला आहे. १८५९ मध्ये ज्या कारणासाठी स्थानकाचे नाव ‘बार्शी रोड’ ठेवले, तेच कारण आजही लागू आहे; फरक एवढाच की आता बैलगाडीऐवजी एसटी आणि सहा आसनी रिक्षा स्थानकाबाहेर उभ्या असतात.

दौंड ते सोलापूर या पट्ट्यात पूर्वी बराच भाग एकेरी होता आणि समोरून येणाऱ्या गाडीसाठी आडरानात थांबावे लागे. अलीकडच्या वर्षांत दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाल्यामुळे तो जाच बराच कमी झाला आहे. पंढरपूर–मिरज आणि कुर्डुवाडी–लातूर या दोन्ही वाटा मात्र अजून एकेरी आहेत. त्यामुळे मातुश्रींसोबत निघाल तेव्हा घरचे जेवण आणि थोडा अधिक वेळ हाताशी ठेवावा.

माढा_तालुका

एक लहानशी भर. आपण लातूरहून निघालात की गाडी धाराशिववरून येईल. मातुश्रींच्या लहानपणी तसे नव्हते. छोटी लाइन धाराशिव शहराला स्पर्श न करता बाजूने जात असे, आणि रुंदीकरणाच्या वेळी मार्ग वळवून शहराजवळ आणला गेला. त्यामुळे त्या “हे स्टेशन तेव्हा नव्हते” असे म्हणाल्या तर त्यांची आठवण चुकते आहे असे समजू नये. येडशीनंतर घाट उतरताना रामलिंगच्या बाजूची झाडी दिसते. पावसाळ्यानंतर जाणार असाल तर त्यांना खिडकीची जागा द्यावी.

चोपडीवाचक

सर्वांचे मनापासून आभार. परळी–मिरज गाडीने कार्तिकी झाल्यावर जायचे ठरविले आहे. आईला ‘थेट गाडी आहे’ असे सांगितले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता की मग कुर्डुवाडीला खाली उतरायला मिळणार नाही का. तेथे तिच्या वडिलांनी तिला पितळी भांड्यातून चहा पाजला होता. गाडी थोडा वेळ थांबेल असे मी सांगितले आहे.

रूळमापक यांच्या सूचनेप्रमाणे चोपडी सुती कापडात गुंडाळून ठेवली आहे आणि पानांची छायाचित्रे काढणे सुरू आहे. काल त्यातच एक नोंद पुन्हा वाचली. मृग नक्षत्रातली तारीख आहे, आणि बार्शी रोडच्या उतराई व चढाई या दोन बाबींच्या मधोमध ‘ताडपत्री भाडे, रोज तीन’ अशी ओळ आहे, कलदारात. वाचून देणाऱ्या जाणकारांनी ती चुकून त्या पानावर आली असावी असे म्हटले होते. आता वाटते की ती चुकलेली नाही. मोठ्या लाइनचा डबा तीन दिवस मिळाला नसणार, आणि गाठी पावसात त्या फरशीवर पडून असणार.